शिळं पाणी कुणाच्या भरवशावर ओतायचं?

माझ्या आजोळी पहाटेचं पहिलं काम पाण्याचं असे. आदल्या दिवशीचं उरलेलं पाणी ते शिळं. ते प्यायचं नाही, देवाला तर नाहीच नाही. माठ, कळशी, घागर सगळं परसात न्यायचं, पाणी केळीच्या बुडाशी ओतायचं, चिंच आणि राख घेऊन भांडं लख्ख करायचं, आत हात घालून काथ्याने कडेकडेने घासायचं आणि मगच विहिरीवर जायचं. आजीला डेंग्यू हा शब्द ठाऊक नव्हता. शिळं पाणी घरात ठेवायचं नाही, एवढीच तिची शिस्त. पण रोज सकाळी त्या काथ्याने जे काम होत होतं, ते आज कुठल्याही पालिकेच्या धुराच्या यंत्राला जमत नाही.

का जमत नाही, ते डासाच्या अंड्यात आहे. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका हे तिन्ही आजार पसरवणारी एडिस इजिप्ती जातीची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला ती चिकटवते. अंडी काळी आणि इतकी बारीक की मोहरीचा दाणा त्यांच्यापुढे डोंगर. पाणी ओतलं तरी ती जागची हलत नाहीत. भांडं कोरडं पडलं तरी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणून नुसतं रिकामं करून भागत नाही, घासावं लागतं. आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासा, कोरडी ठेवा, हा ‘कोरडा दिवस’ पाळण्याचा सल्ला याच हिशेबातून आला आहे. सल्ला अचूक आहे. तो कुणाला आणि कुठे उभं राहून दिला जातो, यावर माझं म्हणणं आहे.

आमच्या गल्लीत पाणी पाच दिवसांआड येतं, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात कधी सहा दिवसांनी, कधी आठ. पंप बिघडला किंवा मुख्य जलवाहिनी फुटली की दहा. येतं तेव्हा रात्री दोन वाजताही येतं आणि गल्लीभर दिवे लागतात. त्यामुळे प्रत्येक घरात दोनशे लिटरची दोन-तीन पिंपं, मोरीत सिमेंटचा हौद, शिवाय बादल्या, टोप, कळशा, हाताला लागेल ते. पिंपं बहुतेक जुनी, रसायनांच्या कारखान्यातून आलेली, वरचं तोंड कापून विकलेली; म्हणजे झाकणाचा प्रश्नच नाही. भिंतीवर पालिकेचा फलक आहे: आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा.

आता सांगा, रविवारी सकाळी अर्धं भरलेलं पिंप कुठली बाई ओतेल? पुढचं पाणी मंगळवारी येईल की शुक्रवारी, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. घरात सहा माणसं आहेत, एक तान्हं आहे. ती ओतणार नाही, आणि तिने ओतू नये असंच मी म्हणेन. तिचा हिशेब चुकलेला नाही. पाण्याचा वार ठरवणाऱ्याचा चुकला आहे.

ही एका गल्लीची गोष्ट नाही. जायकवाडीचं एवढं मोठं धरण जवळ असून छत्रपती संभाजीनगरच्या कित्येक वसाहतींनी वर्षानुवर्षं आठवड्यातून एकदा येणाऱ्या पाण्यावर दिवस काढले आहेत. मनमाडने पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांचं अंतर सोसलं आहे. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. जिथे पाणी दुर्मीळ, तिथे ते साठतं. जिथे साठतं, तिथे एडिसची सोय होते. पावसाळ्यात डबकी, म्हणून पावसाळ्यात डास, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. टंचाईच्या गावात एडिस भर उन्हाळ्यातही घरातल्या पिंपात सुखाने वाढतो, कारण त्याला पाऊस लागत नाही, न हलणारं पाणी लागतं.

दोन पावसाळ्यांमागे आमच्या शेजारच्या घरातली सातवीतली मुलगी डेंग्यूने आजारी पडली. पाच दिवस दवाखान्यात होती, बरी होऊन आली. मग आरोग्य सेवक आला. भला माणूस. त्याने मोरीत जाऊन बॅटरीचा उजेड पिंपात टाकला, वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या, पाण्यात औषध टाकलं, वहीत नोंद केली आणि पुढच्या घरी गेला. मुलीची आई माझ्याकडे आली ती रडतच. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, गल्लीत मला सगळे बाईच म्हणतात. ती म्हणाली, “बाई, माझ्याच घरातून माझ्या पोरीला आजार झाला म्हणतात. माझं घर घाण आहे का हो?”

तिचं घर गल्लीत सगळ्यांत स्वच्छ आहे. तिच्या प्रश्नाने मला जे कळलं, ते इतकी वर्षं आरोग्याचे धडे शिकवून कळलं नव्हतं. आपण डासाची सगळी जागृती स्वच्छतेच्या भाषेत करतो. परिसर स्वच्छ ठेवा, घाण करू नका, गटारं वाहती ठेवा. ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ एकच उतरतो: घाण तिथे डास, आणि डास तिथे घाणेरडी माणसं. गटारातल्या, सेप्टिक टँकच्या पाण्यात वाढणारा डास वेगळा आहे. तो क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणतो, झोप मोडतो, आणि विदर्भातल्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, नागपूरकडच्या भागांत हत्तीरोग पसरवतो. हिवताप पसरवणारा ॲनाफिलीस आणखी वेगळा. त्यालाही विहिरीचं, टाकीचं, ओढ्याकाठचं तुलनेने स्वच्छ पाणी चालतं, आणि तोही चावतो रात्री. एडिस मात्र दिवसा चावतो, सकाळी उन्हं वर येताना आणि दुपार कलल्यावर जास्त. आणि त्याला लागतं ते आपण प्यायला, आंघोळीला भरून ठेवलेलं नितळ पाणी. तीन डास, तीन सवयी, आणि भिंतीवर संदेश एकच. मग ज्या बाईचं घर आरशासारखं आहे, तिला वाटतं हा फलक आपल्यासाठी नाहीच. आणि जिच्या पिंपात अळी सापडते, तिला वाटतं आपली लाज निघाली. पुढच्या वेळी ती दार उघडत नाही.

त्या दिवशी मी तिच्या पिंपातल्या दहा-बारा अळ्या पेल्याने उचलून लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत घेतल्या, तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा दोऱ्याने घट्ट बांधला आणि बरणी आमच्या ओट्यावर ठेवली. संध्याकाळी मुलं जमली, मग त्यांच्या आया. अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाशी डोकं खाली करून लटकतात, बरणीला टिचकी मारली की सुळकन तळाला जातात आणि थोड्या वेळाने श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांचे कोष झाले, स्वल्पविरामाच्या आकाराचे. चौथ्या दिवशी सकाळी ओढणीच्या आतल्या बाजूला तीन डास बसलेले होते, पायांवर पांढरे पट्टे. समोरच्या काकू कितीतरी वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, “हे किडे आम्ही रोज बघतो. पाण्यातले किडे म्हणून गाळून घेतो. हेच डास होतात होय?”

त्या क्षणी गल्लीत जे घडलं, त्याला मी जागृती म्हणते. त्यानंतर आठवड्याभरात बहुतेक पिंपांवर जुन्या सुती साडीचं दुहेरी कापड चढलं, कडेला नाडी ओवून आवळलेलं. कापडाला झोळ पडून ते पाण्याला टेकलं तर उपयोग नाही, हेही बायकांनीच शोधलं आणि एकमेकींना सांगितलं. फलक तिथे सहा वर्षं होता. त्याने हे केलं नव्हतं.

निकाराग्वा आणि मेक्सिकोत ‘कामिनो वेर्दे’, म्हणजे हिरवी वाट, नावाचा एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. वस्तीतल्या लोकांसमोर त्यांच्याच घरांतल्या अळ्यांची माहिती ठेवली, उपाय काय करायचा ते त्यांचं त्यांना ठरवू दिलं. ज्या वस्त्यांत हे केलं, तिथल्या मुलांमधला डेंग्यूचा नवा संसर्ग इतर वस्त्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. कुठलंही नवं औषध नव्हतं. लोकांना त्यांचं स्वतःचं पाणी वाचायला शिकवलं, एवढंच. मला आमची बरणी आठवली.

मग आपल्याकडे हे का होत नाही? एक कारण धूर आहे.

डेंग्यूचा रुग्ण सापडला की गल्लीतून पहिला फोन जातो नगरसेवकाला: धूर मारायला माणसं पाठवा. मीही पूर्वी केलेला आहे. यंत्र येतं, घरघर होते, पांढरा लोट उठतो, मुलं मागे धावतात, आणि काहीतरी झालं असं सगळ्यांना वाटतं. त्या यंत्रात बहुधा डिझेलमध्ये मिसळलेलं कीटकनाशक असतं. धुराच्या त्या लोटात जो डास उडत असेल आणि ज्याला तो थेंब लागेल, तोच मरतो. एडिस उडत नसतो. तो घरात, पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे, अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेला असतो. आणि धुराचा आवाज आला की आपण आधी दारं-खिडक्या लावून घेतो. पिंपातल्या अळीला तर धूर लागतही नाही. उद्या सकाळी ती डास होऊन बाहेर पडते. जागतिक आरोग्य संघटनाही धूर फवारणी साथीच्या आणीबाणीपुरती सांगते, नेहमीचा उपाय म्हणून नाही. घरात आजारी माणूस असेल तेव्हा त्याच्या घरात आणि लगतच्या घरांत आतून केलेली फवारणी उपयोगी आहे, कारण विषाणू घेतलेली मादी तिथेच असते. रस्त्यावरचा धूर मात्र मुख्यत्वे आमच्या समाधानासाठी असतो, आणि त्या समाधानाची किंमत डिझेलच्या, मनुष्यबळाच्या रूपात आपणच मोजतो. लोकप्रतिनिधी धूर देतात कारण आपण धूर मागतो. आपण झाकणं मागितली असती तर त्यांना झाकणं द्यावी लागली असती.

दुसरं कारण असं की आपली सगळी जागरूकता आजाराच्या शेवटच्या टोकाला जाऊन बसली आहे. प्लेटलेट हा शब्द आता खेड्यातल्या आजीलाही पाठ आहे. पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध, कुणाचा आकडा किती हजारांवर आला, हे बसस्टँडवर ऐकू येतं. त्या आकड्याच्या भीतीपोटी लोक रक्तपेढ्यांपुढे रांगा लावतात. आणि जे खरोखर कळायला हवं ते राहून जातं. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोक्याचे दिवस सुरू होतात, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात; रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो. पोटात सारखं दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, यांपैकी काही दिसलं की ताप नसला तरी दवाखाना गाठायचा. अंगदुखीसाठी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा होऊन गेला म्हणजे सुटलो असं नाही, दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर ती जास्त गंभीर होण्याची शक्यता असते. देशात २०२३ मध्ये सुमारे २ लाख ८९ हजार रुग्णांची सरकारदरबारी नोंद झाली. नोंद न झालेले किती असतील, ते आपापल्या गल्लीकडे पाहून प्रत्येकाने ठरवावं.

पाणी आणि डास यांचा हा झगडा आपल्याकडे नवा नाही. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला तो १८९७ च्या ऑगस्टमध्ये. चौदा वर्षांनी, १९११ मध्ये, बेंटली नावाच्या डॉक्टर अधिकाऱ्याने मुंबईच्या हिवतापाचा अहवाल दिला आणि बोट ठेवलं ते शहरातल्या विहिरींवर. फोर्टातल्या, गिरगावातल्या वाड्यांच्या, चाळींच्या विहिरी बंद करा किंवा डास जाणार नाही अशा झाका, असं सांगितल्यावर मोठा विरोध झाला. विधींना विहिरीचंच पाणी लागणाऱ्या पारशी आणि हिंदू घरांचा तो श्रद्धेचा प्रश्न होता. वाद, अर्ज, तडजोडी झाल्या. कित्येक विहिरी बुजल्या, काहींवर झाकणं आली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की मुंबईला विहार तलावाचं पाणी नळाने १८६० मध्येच येऊ लागलं होतं, पुढे तानसाचं आलं. हातात नळ होता म्हणून विहीर झाका असं म्हणता आलं. आधी पाणी दिलं, मग साठा सोडायला सांगितलं. इमारतीच्या टाकीला घट्ट झाकण हवं, तपासनिसाला चढता यावं म्हणून शिडी हवी, हा मुंबईतला नियमही त्याच जुन्या धड्यातून आलेला. आपण मात्र आज निमशहरी महाराष्ट्रात उलट्या क्रमाने चाललो आहोत. आधी सांगतो साठवू नका, पाण्याचं नंतर बघू.

चिकुनगुनिया २००६ मध्ये गावोगाव पसरला तेव्हा तो नवाच आजार वाटला होता. सांधे धरून बसलेली माणसं, कुणाला उठता येईना, कुणाला चूल पेटवता येईना. खरं तर तो आपल्याकडे आधीच येऊन गेला होता. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ होती. मधली ३० वर्षं तो दिसला नाही आणि आपण विसरलो. हिवतापाचं तर आपण याहून मोठ्या प्रमाणावर करून बसलो आहोत. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे. १९५३ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने तो आकडा १९६५ च्या सुमारास एक लाखावर आणला. मग हात सैल सुटला, डासांना औषधं पचू लागली, आणि १९७६ मध्ये रुग्ण ६४ लाखांवर गेले. डास संपला असं म्हणून पाठ फिरवायची चैन आपल्याला परवडत नाही.

इथे मला कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की जिथे नळाला रोज पाणी आहे तिथेही डेंग्यू आहेच की. आहे. पुण्यात २०२४ मध्ये झिका सुरू झाला तो एरंडवण्यासारख्या भागातून. २०२१ मध्ये राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला होता, आणि तीन वर्षांनी तो शहरात, शिकल्या-सवरल्या सोसायट्यांत शिरला. तिथे पिंपं नाहीत. तिथे मनी प्लँटची बाटली आहे, कुंडीखालची ताटली आहे, फ्रिजच्या मागचा ट्रे आहे, गच्चीवरची विसरलेली प्लास्टिकची शीट आहे, शेजारी चालू असलेल्या बांधकामावर लिफ्टच्या खड्ड्यात साचलेलं पाणी आहे. विदर्भात उन्हाळा सरल्यावर अंगणात तसाच पडलेला कूलर आहे. तिथे पाण्याचा वार नियमित आहे, म्हणून तिथे कोरडा दिवस पाळण्याची जबाबदारी पुरती त्या घरांचीच आहे, आणि तिथे मी कुणाला सवलत देणार नाही. तपासणीला आलेल्या कर्मचाऱ्याला गेटवरून परत पाठवणाऱ्या सोसायटीला, खड्ड्यात पाणी साचू देणाऱ्या बांधकामाला नोटीस द्या, दंड करा. गरोदर बाईला झिका झाला तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते; एका ताटलीतल्या पाण्यावर एवढी मोठी किंमत कुणी दुसऱ्याने का मोजायची? पण पाणी नसलेल्या वस्तीतल्या बाईला त्याच नियमाने, त्याच दंडाने बांधणं हा अन्याय आहे. एकच कायदा लावायचा असेल तर आधी एकच नळ द्या.

नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी गावाने उघडी गटारं बंद करून घरोघर शोषखड्डे केले. खड्ड्यात भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-खडी. सांडपाणी मुरून जमिनीत जातं. त्या कामाला ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून नाव मिळालं, रोजगार हमीतून इतर गावांनीही ते केलं, आणि ‘डासमुक्त गाव’ हा शब्द वर्तमानपत्रांत आला. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण तिथे डास हा बांधकामाचा, पाणी कुठे जातं याचा प्रश्न मानला गेला. मात्र त्याची मर्यादाही सांगायला हवी. शोषखड्ड्याने प्रामुख्याने गटारातला क्युलेक्स हटतो. घरातल्या पिंपाचं काय, तो प्रश्न वेगळा उरतो. येणाऱ्या पाण्याचाही तेवढाच विचार केला, तर ते काम पुरं होईल.

आणि मोजमाप? ते होतंच. आशा ताई, आरोग्य सेवक, ब्रीडिंग चेकर म्हणून रोजंदारीवर घेतलेली पोरं घरोघर जाऊन कंटेनर सर्व्हे, म्हणजे पाणी साठलेल्या भांड्यांची तपासणी, करतात. शंभर घरं पाहिली तर किती घरांत अळी सापडली, त्याला हाऊस इंडेक्स म्हणतात. शंभर घरांमागे अळी असलेली भांडी किती, तो ब्रेटो इंडेक्स. ही माहिती वहीत जाते, वहीतून तक्त्यात, तक्त्यातून जिल्ह्याला. ज्या गल्लीतून निघाली, त्या गल्लीत कधीच परत येत नाही. एडिस फार लांब उडत नाही, बहुतेक वेळा शे-दोनशे मीटरच्या आतच राहतो. म्हणजे माझ्या मुलाला चावणारा डास माझ्या किंवा चार घरं पलीकडच्या पाण्यातला असतो. मग अख्ख्या शहराची सरासरी सांगून मला काय कळणार? मला हवं ते असं: अमुक गल्ली, ४० घरं पाहिली, ११ घरांत अळ्या, त्यांपैकी सात पिंपांत, तीन कूलरमध्ये, एक टायरमध्ये. रेशन दुकानाच्या भिंतीवर, मंदिराच्या ओट्याशी, मशिदीच्या नळाजवळ दर आठवड्याला खडूने लिहायचं. घराचं नाव लिहू नका. कुणाची लाज काढायची नाही. भांड्याचं नाव लिहा. पुढच्या आठवड्यात सातचे चार झाले की गल्लीला स्वतःच कळेल, आणि न सांगता हुरूप येईल. ही नोंद करणाऱ्या पोरांना पगार मात्र वेळेवर मिळाला पाहिजे; पाऊस संपला की कामावरून काढून टाकलेला माणूस पुढच्या वर्षी कुठल्या उत्साहाने आमच्या मोरीत वाकेल?

यातलं काहीच आजीच्या काथ्याइतकं सोपं नाही, हे मला कळतं. रोज नळाला पाणी यायला धरणं, योजना, जलवाहिन्या, निधी, वर्षं लागतात. पण त्या दिवसाची वाट पाहत बसायची गरज नाही. डासाला आठ-दहा दिवस हवे असतात. पाणी सहा दिवसांनी का होईना, पण ठरल्या वारी, ठरल्या वेळी नक्की आलं, तर त्या दिवशी सकाळी प्रत्येक घर आपली पिंपं रिकामी करून घासू शकतं. अंतर तेच राहिलं तरी खात्री आली की घरातल्या बाईच्या हातात पुन्हा तो काथ्या येतो. म्हणून पाणीपुरवठा विभागाचं वेळापत्रक मी डेंग्यूच्या औषधांइतकंच आरोग्याचं काम मानते. पाणी लांबणार असेल तर तेही आदल्या दिवशी कळवायचं; मोबाइल प्रत्येक घरात आहे, घंटागाडीवर भोंगा आहे. याला नवी योजना लागत नाही. पाणी सोडणारा माणूस आणि आरोग्य विभागाचा माणूस आठवड्यातून एकदा एका टेबलाशी बसला की पुरे.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या तेवीस घरांनी सही करून अर्ज दिला. त्यात धूर मागितलेला नाही. मागणी एकच आहे: पाणी कधी सुटणार, ते आदल्या संध्याकाळपर्यंत सांगा. अजून उत्तर आलेलं नाही. तोवर समोरच्या काकूंनी एक सोय केली आहे. वरच्या आळीत पाणी सुटलं की त्यांची बहीण फोन करते. तिथून आमच्याकडे पाणी पोचायला दोन-अडीच तास लागतात. फोन आला की काकू दारोदार सांगत जातात. मग मोऱ्यांमधून पिंपं आडवी करण्याचा आवाज येतो, तळाचं पाणी अंगणातल्या झाडांना जातं आणि काथ्या फिरू लागतो. परवा रात्री फोन पावणेबाराला आला. सव्वाला गल्लीतलं शेवटचं पिंप घासून झालं, आणि दोन वाजून दहा मिनिटांनी नळाला हवा सुटली.